ईव्हारच्या आधी धमनी बंद करायची की नाही? (बाबांचं ऑपरेशन, दोन डॉक्टर, दोन मतं)

नीलांबरी

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचक आहे. पहिलाच धागा आणि तोही असा, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

बाबा ७४ वर्षांचे. प्रोस्टेटसाठी सोनोग्राफी केली तेव्हा पोटातली महाधमनी फुगलेली सापडली. सीटी अँजिओमध्ये फुगा ५.८ सेंमी निघाला. त्यांना दुखत नाही, खुपत नाही. "मी ठणठणीत होतो, तुम्ही मशीनमध्ये घालून मला आजारी केलंत," हे त्यांचं पालुपद.

ऑपरेशन लागणार हे आम्हाला पटलंय. पोट न उघडता जांघेतून स्टेंट ग्राफ्ट (जाळीचा आधार असलेली कापडी नळी) घालायचा, म्हणजे ईव्हार करायचं, हेही ठरलंय. अडलंय ते पुढच्या पायरीवर. पहिले डॉक्टर म्हणाले, "ग्राफ्ट घालण्याआधी त्याच बैठकीत आयएमए नावाची, मोठ्या आतड्याकडे जाणारी धमनी कॉइल टाकून बंद करू, म्हणजे पुढे गळती होणार नाही." दुसऱ्या मतासाठी गेलो तर ते म्हणाले, "काही गरज नाही. बऱ्याच गळत्या आपोआप थांबतात. नाही थांबली तर तेव्हा बघू." दोघेही अनुभवी, दोघांनीही घाई न करता समजावून सांगितलं, आणि म्हणूनच आम्ही जास्त गोंधळलो.

रिपोर्टमधले आकडे असे: आयएमए उघडी, ३.६ मिमी. लंबर (कण्याच्या बाजूच्या) धमन्या पाच उघड्या, सगळ्यात मोठी २.३ मिमी. फुग्याच्या आत गुठळी फारशी नाही. क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा आकडा) १.४. हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे.

चांगली चालती धमनी मुद्दाम बंद करायची हे ऐकूनच पोटात गोळा येतो. कोणी या वाटेने गेलं असेल तर सांगा.

टिंबटिंब

वाचतेय. बाबांना शुभेच्छा.

रक्तमार्गी

मी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीत काम करतो. तुमच्या बाबांचा सीटी मी पाहिलेला नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

आधी धमनी बंद करण्याची भीती. आयएमए महाधमनीच्या पुढच्या अंगाला, किंचित डावीकडून निघते आणि मोठ्या आतड्याच्या डाव्या भागाला रक्त देते. ती निघते नेमकी फुग्याच्या पट्ट्यातून. ईव्हारचा ग्राफ्ट किडनीच्या धमन्यांच्या खालपासून दोन्ही पायांकडच्या फाट्यांपर्यंत आतून अस्तरासारखा बसतो. म्हणजे आयएमएचं तोंड ग्राफ्टच झाकणार आहे, कॉइल टाका किंवा टाकू नका. पुढच्या दारातून तिच्यात जाणारं रक्त त्या दिवशी थांबणारच.

मग कॉइल कशाला? तर मागच्या दारासाठी. आतड्याच्या धमन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. वरची एसएमए आणि खालची आयएमए यांच्यामध्ये आतड्याच्या कडेने जाणारी ड्रमंडची धमनी असते, काहींमध्ये रिओलानची कमानही असते. पुढचं तोंड झाकलं गेलं की एसएमएमधलं रक्त या वाटेने आयएमएमध्ये उतरतं आणि उलटं वाहत फुग्याच्या पिशवीत शिरतं. कण्याच्या बाजूने येणाऱ्या लंबर धमन्याही हेच करतात. ग्राफ्ट उत्तम बसलेला असतो, पण त्याच्या बाहेर, जुन्या भिंतीच्या आत रक्त खेळत राहतं. हा टाइप २ एंडोलीक, म्हणजे तुमचे डॉक्टर म्हणाले ती गळती.

बाकीचे प्रकार थोडक्यात. टाइप १ म्हणजे ग्राफ्टचं वरचं किंवा खालचं टोक नीट न चिकटणं. टाइप ३ म्हणजे ग्राफ्टचे जोड सुटणं किंवा कापड फाटणं. हे दोन दिसले की आम्ही थांबत नाही, कारण महाधमनीचा पूर्ण दाब थेट पिशवीवर येतो. टाइप ४ म्हणजे कापडातून झिरपणं, नव्या ग्राफ्टमध्ये क्वचितच. गळती दिसत नाही तरी फुगा वाढतोय, त्याला टाइप ५ म्हणतात. वाद सगळा टाइप २ चा आहे, कारण तो सगळ्यात जास्त आढळतो आणि बहुतेक वेळा सगळ्यात निरुपद्रवी असतो.

कॉइल म्हणजे प्लॅटिनमची बारीक तार. कॅथेटरमधून सरळ जाते, बाहेर पडली की वेटोळं होतं आणि त्यावर रक्त गोठतं. कधी तारेऐवजी नायटिनॉलच्या जाळीचा प्लग वापरतात. मर्म एकच: कॉइल आयएमएच्या सुरुवातीच्या खोडातच राहिली पाहिजे, पहिली फांदी फुटण्याच्या अलीकडे. फांद्यांमध्ये उतरली की आतड्याच्या जोडवाटाच तुटतात. ग्राफ्ट घालण्याआधी ही वाट अगदी सरळ असते. महाधमनीतून वळलं की आयएमएचं तोंड. अनुभवी हातात साधारण अर्ध्या तासाचं काम.

फिजिक्सवेडा

डॉक, एक शंका. पिशवी सगळीकडून बंद असेल आणि एकच वाहिनी आत येत असेल, तर रक्त वाहणार कसं? बाहेर जायला वाट नको का?

आणि नीलांबरी, वर्तुळाकार नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. ३.६ भागिले २.३, त्याचा चौथा घात, येतात साधारण सहा. म्हणजे तुमच्या बाबांची आयएमए ही त्यांच्या सगळ्यात मोठ्या लंबर धमनीच्या सहापट रक्त आणू शकते. मिलिमीटर वाचताना फरक किरकोळ वाटतो, तसा तो नाही.

रक्तमार्गी

सहाचा हिशोब गणित म्हणून बरोबर. शरीरात लांबी, वळणं, पलीकडचा दाब हे सगळं मध्ये येतं, पण दिशा हीच. म्हणूनच आम्ही आयएमए ३ मिमी आणि लंबर २ मिमी या रेषा धरतो.

पहिली शंका मार्मिक आहे. एकच वाहिनी असेल तर रक्त हृदयाच्या ठोक्यासरशी आत येतं आणि त्याच वाटेने मागे जातं. अशी गळती बऱ्याचदा गोठून थांबते. दोन किंवा अधिक वाहिन्या असतील तर एकीतून येणं, दुसरीतून जाणं, असा चालता पाट तयार होतो. तो हट्टी. बहुतेकदा आयएमए आणते आणि लंबर नेतात. म्हणून सगळ्या लंबर न शोधता फक्त आयएमए बंद केली तरी पाट तुटण्याची शक्यता असते. लंबर धमन्या शोधून एकेक बंद करणं हे चिकाटीचं काम आहे, त्यात वेळ, किरण आणि रंगद्रव्य (रक्तवाहिन्या चित्रात दिसाव्यात म्हणून टोचतात ते) तिन्ही वाढतात. मी ते नेमाने करत नाही.

कात्री

मी व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचा) सर्जन. रक्तमार्गींनी शरीररचना सुरेख सांगितली, तिच्याशी वाद नाही. वाद निष्कर्षाशी आहे.

टाइप २ गळती आजार आहे की सीटीवर दिसलेली पांढरी रेघ? आपण मोजायला लागलो म्हणून तिला नाव मिळालं. २०१३ मध्ये एक मोठा आढावा निघाला होता, २१ हजारांवर ईव्हार रुग्णांचा. टाइप २ साधारण दहातल्या एकाला होती. त्यातल्या एक तृतीयांशाहून जास्त आपोआप बंद झाल्या. आणि फक्त टाइप २ असताना फुगा फुटण्याचं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली. दुसऱ्या डॉक्टरांचं "तेव्हा बघू" हे आळसातून आलेलं नाही, या आकड्यांतून आलंय.

आता आधीच कॉइल टाकण्याच्या बाजूचा पुरावा, तोही प्रामाणिकपणे मांडतो. जपानमधली चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. चिठ्ठ्या टाकून १०६ रुग्णांचे दोन गट केले, ५३-५३ चे. सगळे धोक्याचे निकष असलेले, म्हणजे आयएमए ३ मिमी किंवा जास्त, किंवा लंबर २ मिमी किंवा जास्त, किंवा फुगा खालच्या फाट्यांत उतरलेला. नुसत्या ईव्हारच्या गटात टाइप २ गळती ४९.१ टक्के, कॉइलच्या गटात २४.५ टक्के. गळतीमुळे फुगा वाढला तो १७ विरुद्ध ३.८ टक्क्यांत. माणसांत सांगायचं तर नऊ विरुद्ध दोन.

म्हणजे चार जणांना कॉइल टाकली की एकाची गळती टळली, आणि साधारण आठ जणांना टाकली की एकाच्या फुग्याची वाढ टळली. उरलेल्या सातांनी कॉइल, जादा किरण, जादा रंगद्रव्य घेतलं ते कशासाठी? आणि वाढलेला फुगा म्हणजे फुटलेला फुगा नव्हे. मृत्यू टळले असं दाखवायला १०६ जण फार अपुरे आहेत. सरसकट सगळ्यांना आधी धमन्या बंद करा असं युरोपीय मार्गदर्शक सूचनाही सांगत नाहीत.

क्रिएटिनिन १.४ आहे आणि रंगद्रव्य किडनीला जड जातं, हेही विसरू नका.

टिंबटिंब

बाप रे. डॉक्टर लोक भांडतात तेव्हा आम्हाला फुकट शिकायला मिळतं. चालू द्या.

रक्तमार्गी

कात्री, "सरसकट" हा शब्द तुम्ही माझ्या तोंडी घातलात. मी सरसकट म्हणत नाही. ३.६ मिमीची आयएमए, पाच लंबर, आत गुठळी नाही आणि वर रक्त पातळ करणारी गोळी. गोठायचं तेच गोठणार नाही. गळती रेंगाळावी असे जवळपास सगळे मुद्दे या एका माणसात जमलेत. तुमच्या आठांतला तो एक कोण, याचा थोडा अंदाज आधीच येतो, माझा मुद्दा तेवढाच.

आणि "तेव्हा बघू" म्हणजे नेमकं काय, हे घरच्यांना कळलं पाहिजे. ग्राफ्ट बसल्यावर सरळ वाट गेली. मग आयएमएला पोचायचं तर एसएमएत शिरून, आतड्याच्या कडेच्या त्या वळणावळणाच्या धमनीतून बारीक कॅथेटर फिरवत उलटं यायचं. लंबरला पोचायचं तर कुल्ह्याच्या आतल्या धमनीतून. नाहीच जमलं तर पालथं झोपवून पाठीतून सुई थेट पिशवीत, किंवा शेजारच्या मोठ्या शिरेतून भोक पाडून पलीकडे. तुम्ही म्हणता त्याच २०१३ च्या आढाव्यात गळतीवर केलेल्या उपायांपैकी चारातल्या एकाहून जास्त फसले होते. आधीची अर्ध्या तासाची वाट आणि नंतरची ही यातायात, दोन्ही एका तराजूत घाला.

कात्री

घातल्या. नंतरची यातायात किती जणांवर येते हेही त्याच तराजूत घाला. फुगा १ सेंमी वाढल्याशिवाय टाइप २ ला हात लावू नये असं मानणारे आम्ही बरेच आहोत, काही ठिकाणी ५ मिमीची रेषा धरतात. तिथपर्यंत पोचणारे थोडे.

पण गोळी आणि आयएमएचा व्यास एकत्र असण्याचा तुमचा मुद्दा मान्य. माझ्या टेबलावर हा रुग्ण असता तर मीही विचार केला असता. विचार, लगेच कॉइल नव्हे.

सुषमा_काकू

नीलांबरी, माझ्या यजमानांचं ईव्हार झालं त्याला चार वर्षं झाली. आधी काही बंद केलं नव्हतं. एक महिन्याच्या सीटीत टाइप २ निघाली. मला वाटलं ऑपरेशन फसलं. डॉक्टर म्हणाले, थांबा. सहा महिन्यांनी होती. वर्षाने होती. अजून आहे! फुगा ६.० होता, आता ५.९ आहे. म्हणजे गळतीही आहे आणि फुगाही गप्प आहे.

वैद्यकीयदृष्ट्या सगळं ठीक. पण दर वेळी स्कॅनची तारीख जवळ आली की आठ दिवस आधीपासून घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. ते मात्र मजेत. झोप उडते ती माझी. दोन्ही डॉक्टर साहेबांच्या टक्केवारीत ही झोप कुठे येत नाही, म्हणून लिहिलं.

जुना_खलाशी

इथे एक भुक्तभोगी हजर आहे, पण माझी बंद केलेली धमनी वेगळी.

माझा फुगा खाली उजव्या फाट्यात उतरला होता. ग्राफ्टचा पाय टेकवायला तिथे धड जागा नव्हती, म्हणून तो आणखी खाली, पायाकडे जाणाऱ्या धमनीत नेला. मग मधून कुल्ह्याकडे जाणारी जी आतली धमनी फुटते, ती आधी कॉइलने बंद केली, नाहीतर तिच्यातून उलटं रक्त आलं असतं. काम फत्ते. गळती शून्य. तिसऱ्या दिवशी घरी.

आठवड्याने चालायला निघालो आणि दीडशे पावलांवर उजव्या ढुंगणाने संप पुकारला. पाय ठणठणीत, ढुंगण ठप्प. दोन मिनिटं उभं राहायचं, परत दीडशे पावलं. मला वाटलं कंबरेचं काहीतरी, दोन महिने शेकत बसलो. मग कळलं की हे होऊ शकतं हे त्यांना आधीपासून माहीत होतं. संमतीपत्रात एका ओळीत लिहिलेलंही होतं. तोंडाने कोणी सांगितलं नाही. कुठलं हॉस्पिटल ते विचारू नका, माणसं चांगली होती.

आता वर्ष झालं. दीडशेची सातशे पावलं झालीत. दुसरा एक परिणाम असतो तो जाहीर धाग्यात लिहीत नाही, समजणारे समजतील.

कात्री

खलाशीबुवा, लिहिलंत हे फार बरं केलंत. कुल्ह्याची आतली धमनी बंद केल्यावर चालताना नितंब दुखणं हे साधारण चारातल्या एकाला होतं. बऱ्याच जणांचं काही महिन्यांत कमी होतं, कारण आजूबाजूच्या वाटा रुंदावतात. पुरुषांत लैंगिक अडचणही येऊ शकते आणि ती आधी तोंडाने सांगितलीच पाहिजे, नुसती कागदावर नव्हे. दोन्ही बाजू बंद करणं शक्यतो टाळतात, कारण मग आतडं आणि मज्जारज्जू यांच्यावरही येऊ शकतं. आता फाटा असलेला ग्राफ्ट मिळतो, त्याने ती धमनी चालू ठेवता येते. शरीररचना जुळली तर मी तोच वापरतो.

कॉइल खोडात टाकली की फांद्यांत, याने इथेही फरक पडतो. खोडात टाकली तर पलीकडच्या फांद्या एकमेकींना रक्त देऊ शकतात.

नीलांबरी, हे तुमच्या बाबांना लागू नाही, फुगा फाट्यांत उतरला नसेल तर. दोन्ही गोष्टींना "आधी धमनी बंद करणं" हेच नाव असल्यामुळे लोक एकीचे दुष्परिणाम दुसरीवर लावतात.

अर्धविराम

थोडं अवांतर. ज्याला आपण आज जांघेतल्या भोकातून दुरुस्त करतो, त्याच आजाराने आइनस्टाइन गेले. १९४८ मध्ये रुडॉल्फ निसेन यांनी पोट उघडून त्यांच्या महाधमनीच्या फुग्याभोवती सेलोफेन गुंडाळलं होतं. होय, तोच चकचकीत कागद. त्याने भिंतीभोवती व्रण तयार होऊन ती घट्ट व्हावी अशी कल्पना. त्यावर ते सहा वर्षांहून जास्त जगले. एप्रिल १९५५ मध्ये फुगा फुटला तेव्हा पुन्हा ऑपरेशनला त्यांनी नकार दिला.

फुगा कापून तिथे दुसरी धमनी जोडणं १९५१ मध्ये पॅरिसला शार्ल द्युबोस्त यांनी केलं. आणि आतून कापडी नळी घालणं, पोटातल्या फुग्यासाठी, १९९० मध्ये ब्युनोस आयरेसला हुआन पारोदी यांनी. छातीतल्या महाधमनीत त्याच्याही आधी, १९८७ मध्ये, खारकिव्हच्या निकोलाय वोलोदोस यांनी स्टेंट ग्राफ्ट बसवला होता, पण ते बाहेरच्या जगाला कळायला वेळ लागला.

गुंडाळा, कापा, अस्तर लावा. आणि अस्तर लावल्यावर तीस-पस्तीस वर्षं भांडण कशावर, तर अस्तराच्या मागे काय झिरपतंय यावर.

फिजिक्सवेडा

सेलोफेन!!

रेसिडेंट_रात्रपाळी

रात्रपाळीत हा धागा वाचतोय. माहितीत थोडी भर घालतो, कारण आधीच धमन्या बंद करण्याचा अगदी उलटा उपयोगही आहे.

फुगा छातीपासून पोटापर्यंत पसरलेला असेल तर लांब ग्राफ्ट कण्याजवळच्या बऱ्याच धमन्या एकदम झाकतो. मज्जारज्जूचं रक्त अचानक तुटतं आणि पायांतली शक्ती जाऊ शकते. पूर्वी सगळे मज्जारज्जूला रक्त देणाऱ्या, अ‍ॅडमकिविक्झच्या एकाच मोठ्या धमनीमागे असायचे. मग कळलं की मज्जारज्जूभोवती, पाठीच्या स्नायूंतून, एक अख्खं जाळं असतं, आणि एक वाट हळूहळू बंद केली तर दुसऱ्या वाटा काही दिवसांत रुंदावतात. यावरून लाइपझिगच्या ख्रिस्तियान एट्झ यांच्या गटाने मुख्य ऑपरेशनच्या आधी थोड्या थोड्या धमन्या कॉइलने बंद करण्याची पद्धत काढली. एकदम सगळ्या नाही, टप्प्याटप्प्याने, मध्ये जाळ्याला वेळ देत. तिची चाचणी युरोपात मोठ्या प्रमाणावर हाती घेतली गेली.

म्हणजे इथे कॉइल टाकतात ती गळती नको म्हणून, तिथे टाकतात ती उपासाची सवय लागावी म्हणून.

नीलांबरी

सगळ्यांचे मनापासून आभार. खलाशीकाका, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. किती तरी दिवसांनी हसले.

एक गोष्ट विचारायची राहिली. आज रिपोर्ट पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. दुसऱ्या पानावर तळाशी एक ओळ आहे, जिच्याबद्दल दोघांपैकी कोणीच बोललं नव्हतं: "एसएमएच्या उगमाशी कॅल्शियम, मध्यम अरुंदपणा." रक्तमार्गींनी लिहिलं की आयएमए झाकली की आतड्याला रक्त एसएमएकडूनच येणार. मग तीच अरुंद असेल तर?

कात्री

थांबा. आता कॉइलचा प्रश्न बाजूला ठेवा.

३.६ मिमीची आयएमए वाचली तेव्हाच मी हे विचारायला हवं होतं, चूक माझी. वयोमानाने फुग्यातली आयएमए बऱ्याचदा बारीक होते किंवा बंदच असते. ती दणदणीत उघडी असेल तर एक शक्यता अशी असते की तिच्यावर जास्तीचं काम पडलंय. एसएमए अरुंद असल्यामुळे रक्त खालून वर, आयएमएकडून एसएमएकडे जातंय. तसं असेल तर ती मागचं दार नाही, तीच आतड्याची पोशिंदी आहे. मग कॉइल तर नकोच, पण नुसत्या ग्राफ्टने झाकणंही धोक्याचं. आतडं काळं पडू शकतं. अशा वेळी आधी एसएमएत स्टेंट घालून वरची वाट मोकळी करायची, मग बाकीचं.

बाबांचं पूर्वी मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालंय का? जेवल्यावर अर्ध्या-एक तासाने पोट दुखतं का? वजन उतरलंय का? कुल्ह्याच्या आतल्या दोन्ही धमन्या उघड्या आहेत का?

रक्तमार्गी

कात्रींशी शंभर टक्के सहमत (लिहून ठेवा, असं पुन्हा होईलच असं नाही). घाबरू नका, "मध्यम" म्हणजे बहुतेकदा काहीच नसतं. पण मोजायला हवं. उपाशीपोटी डॉपलर (एक प्रकारची सोनोग्राफी) करून एसएमएतला रक्ताचा वेग मोजतात. सेकंदाला २७५ सेंमीच्या वर गेला तर अरुंदपणा गंभीर मानतात. आणि रिओलानच्या कमानीत रक्त कुठल्या दिशेने जातंय हे टेबलावर अँजिओत डोळ्यांनी दिसतं. तुमच्या डॉक्टरांना ही ओळ दाखवा. फोनवर नको, पान हातात घेऊन.

नीलांबरी

आतड्याचं ऑपरेशन नाही. पोटदुखी नाही. वजन उलट वाढलंय. कुल्ह्याच्या धमन्यांचं विचारते. उद्याच जाते.

सुषमा_काकू

काय झालं ते नक्की कळव गं. आणि पान हातात घेऊन जा हे अगदी खरं.

नीलांबरी

दोन आठवडे झाले, उशिराबद्दल माफ करा.

पहिल्या डॉक्टरांनी ती ओळ वाचली, गप्प झाले, सीटी स्वतः पुन्हा उघडून पाहिला आणि डॉपलर लिहून दिला. एसएमएतला वेग १८० आला. कुल्ह्याच्या दोन्ही धमन्या उघड्या. मग त्यांनी आपण होऊन दुसऱ्या डॉक्टरांना फोन लावला आणि दोघांनी मिळून ठरवलं: टेबलावर आधी एसएमएचा अँजिओ करायचा. रक्त वरून खाली येत असेल तरच आयएमएत कॉइल, लंबरच्या मागे लागायचं नाही. खालून वर जात असेल तर त्या दिवशी काहीच झाकायचं नाही, मागे फिरायचं. किडनीसाठी आदल्या रात्रीपासून सलाइन, रंगद्रव्य मोजून.

बाबांना सगळं सांगितलं. त्यांचा एकच प्रश्न: "मागे फिरले तर भोक पाडल्याचं काय?"

ऑपरेशन परवा आहे.

जुना_खलाशी

वारा अनुकूल असो.

नीलांबरी

पुढची खबर. (धागा वर काढतेय, नवीन वाचणाऱ्यांसाठी.)

रक्त वरून खाली येत होतं. आयएमएच्या खोडात कॉइल टाकल्या, मग ग्राफ्ट बसवला. सगळं मिळून अडीच तास. पहिले चार दिवस ताप आला, आम्ही हादरलो. जंतुसंसर्ग नव्हता, ग्राफ्ट घातल्यावर असा ताप येऊ शकतो म्हणे. आपोआप उतरला. पोट, शौच सगळं व्यवस्थित. क्रिएटिनिन १.५ झालं आणि परत १.४ वर आलं.

काल एक महिन्याचा सीटी झाला. आयएमएकडून काहीही नाही. पण मागच्या बाजूला, डावीकडच्या एका लंबरमधून, बारीकशी टाइप २ गळती आहे. कॉइलच्या धातूमुळे आजूबाजूला चित्रात पांढरे पट्टे येतात, म्हणून खात्रीसाठी रंगद्रव्याची सोनोग्राफीही केली. तिच्यातही तेच दिसलं. फुगा ५.८, जिथे होता तिथेच.

कात्री

एकच वाहिनी दिसतेय का?

नीलांबरी

हो, एकच. रिपोर्टमध्ये लिहिलंय, आत येते आणि त्याच वाटेने मागे जाते.

फिजिक्सवेडा

चालता पाट नाही म्हणजे!

रक्तमार्गी

छान. आता खरंच "तेव्हा बघू". गोळी स्वतःहून बंद करू नका, गळतीपेक्षा ठोक्यांचा धोका मोठा आहे. पुढे कधी एमआरआय लागला तर प्लॅटिनमची कॉइल आणि ग्राफ्ट आहे एवढं सांगा, ग्राफ्टचं कार्ड जवळ ठेवा.

सुषमा_काकू

ये आमच्या मंडळात. स्कॅनच्या आधी झोप आली नाही तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

नीलांबरी

काकू, नक्की. बाबांना सांगितलं की आत प्लॅटिनम आहे, तेव्हापासून ते आईला ऐकवतायत की तुझ्या सगळ्या दागिन्यांत नाही ते माझ्या पोटात आहे. पुढचा सीटी सहा महिन्यांनी. आला की इथेच लिहीन.